गावात जुन्या गाण्यांची बैठक कशी भरवावी

जुनी गाणी ऐकण्यासाठी आज कोणालाही कोणाच्या दारात जावे लागत नाही, कारण ज्याच्या खिशात मोबाईल आहे त्याच्या खिशात ती बहुतेक सगळी आहेत. तरीही विदर्भातल्या एखाद्या गावात महिन्यातून एकदा पंधरा-वीस माणसांनी सतरंजीवर एकत्र बसून आठ-दहा जुनी गाणी नीट ऐकावीत, असे आग्रहाने सुचवावेसे वाटते. दुचाकीवरून शेतात जाताना किंवा स्वयंपाक उरकताना कानावर पडणारे गाणे आपण ओळखतो, पण ऐकत नाही. तेच गाणे तीन मिनिटे दुसरे काहीही न करता ऐकले, की त्यातले निम्म्याहून अधिक काम आजवर निसटून गेले होते हे ध्यानात येते. अशी बैठक कशी जमवावी, तिच्यात काय लावावे आणि ते कसे ऐकावे, हे पुढे सांगितले आहे.

सुरुवात वेळेपासून करावी, कारण गावातली चांगली कल्पना बहुधा वेळेपायीच मरते. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी एकमेकींना लागून येतात तेव्हा कोजागिरीची एक रात्र सोडली तर माणूस सापडणार नाही. पौषापासून फाल्गुनापर्यंतचे दिवस सर्वांत सोयीचे असतात, आणि चैत्र-वैशाखात जेवणे झाल्यावर अंगणात बसता येते. पावसाळ्यात टिनाच्या छपराखाली बैठक मुळीच ठेवू नये. सर आली की गाणे संपले असे समजावे. बायकांना यायचे असेल, आणि त्या नसतील तर बैठक अर्धीच होते, तर रात्रीचा हट्ट सोडावा. अनेक गावांत आठवडी बाजाराच्या दिवशी शेतमजुरीला सुटी असते. त्या दिवशी दुपारी कोणाच्या तरी सपरीत किंवा ढेलजेत बसले तर दोन्ही बाजूंची माणसे येतात. रात्रीच बसायचे ठरले तर ध्वनिवर्धक १० वाजता बंद करावा लागतो, कारण २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत त्याला सर्वसाधारणपणे मनाई आहे. वीज जाणार हे गृहीत धरून बॅटरीवर चालणारा स्पीकर आदल्या दिवशीच चार्ज करून ठेवावा.

स्पीकरच्या बाबतीत गावात एक समजूत पक्की झाली आहे, की पेटी जितकी मोठी तितका आवाज चांगला. लग्नातल्या डीजेसाठी ते ठीक आहे, जुन्या गाण्यासाठी ते अगदी उलट आहे. त्या काळच्या ध्वनिमुद्रणात फार खालचे आणि फार वरचे स्वर मुळातच कमी उतरत असत. गाण्याचा सगळा जीव मधल्या पट्ट्यात, म्हणजे गळ्याच्या, सारंगीच्या, बासरीच्या आवाजात असतो. मोठ्या पेटीवर बास वाढवून ते लावले, तर गाण्यात नसलेली धडधड तेवढी वाढते आणि शब्द तिच्याखाली दडपले जातात. म्हणून बास जवळजवळ उतरवावा आणि एकच मध्यम आकाराचा स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, समोर ठेवावा. ही ध्वनिमुद्रणे बहुतांशी मोनो, म्हणजे सगळा आवाज एकाच वाहिनीत असलेली आहेत, त्यामुळे दोन पेट्या दोन कोपऱ्यांत मांडून काही हाती लागत नाही. समाजमंदिराच्या रिकाम्या भिंतींमुळे आवाज घुमत असेल तर जाड सतरंज्या अंथराव्यात आणि मागच्या भिंतीवर दोन गोधड्या टांगाव्यात. माणसे भरली की उरलेला घुमारा आपोआप कमी होतो.

गाणी कुठून आणायची, हा पुढचा भाग. मोबाईलवरून किंवा पाच हजार गाणी भरून मिळणाऱ्या तयार पेटीवरून लावायला हरकत नाही, आणि पहिल्या दोन-तीन बैठकींना तोच सोपा मार्ग आहे. पण गावात थोडी विचारपूस केली तर पोटमाळ्यावर, धान्याच्या कोठीमागे, जुन्या लोखंडी पेट्यांत बरेच काही निघते. लग्नाकार्यात भोंगे लावणाऱ्यांची घरे सर्वांत आधी गाठावीत. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी मंडपात वाजणारे चेंजर, म्हणजे एकापाठोपाठ तबकड्या आपोआप लावणारी यंत्रे, आणि तबकड्या त्यांच्याचकडे असत, आणि आज मंडप डेकोरेशनचा व्यवसाय करणाऱ्या त्यांच्या मुलांना हा पसारा कोणी मागितला तर बरेच वाटते. कधी त्याच पेटीत पोस्टात शुल्क भरून घेतलेला रेडिओचा जुना परवानाही सापडतो. तोही बैठकीत मांडावा, म्हाताऱ्या माणसांची जीभ त्याने लगेच सुटते.

तबकडी हाती आली की ती कोणत्या जातीची आहे हे आधी पाहावे. जड, काळी, वाकवली तर तुटेल अशी दहा इंची तबकडी बहुधा मिनिटाला ७८ फेऱ्यांची असते आणि ती लाखेची असते. आपल्याकडे पळस, कुसुम आणि बोरीच्या फांद्यांवर कीटक जी लाख करतात, तीच शुद्ध करून तिच्यात दगडाची बारीक भुकटी आणि काजळी मिसळून या तबकड्या दाबल्या जात. फाल्गुनात सगळे रान लाल करणाऱ्या पळसाशी गाण्याचा असाही संबंध होता, हे पूर्व विदर्भातल्या मुलांना मुद्दाम सांगावे. त्या भुकटीमुळे किल्लीच्या ग्रामोफोनची पोलादी सुई एका बाजूतच झिजते, म्हणून प्रत्येक बाजूला नवी सुई लावण्याचा नियम होता आणि तो आजही पाळावा. लाखेची तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नये. स्पिरिटमध्ये लाख विरघळते आणि तबकडी कायमची जाते. ओल्या मऊ कापडाला सौम्य साबणाचा एखादा थेंब लावून खाचांच्या दिशेने गोल पुसावे, मधला कागद भिजू देऊ नये आणि लगेच कोरडी करावी.

लवचीक, हलक्या एलपीची, म्हणजे नंतरच्या काळातल्या जास्त वेळ वाजणाऱ्या तबकडीची खाच याहून फार अरुंद असते. ती किल्लीच्या ग्रामोफोनवर लावली तर जड पोलादी सुई तिला एकाच वेळेत सोलून काढते, आणि एलपीची बारीक सुई ७८च्या रुंद खाचेत टेकवली तर ती तळाशी घासत राहून नुसती खरखर ऐकवते. दोन्हींसाठी वेगळी सुई लागते, यात तडजोड नाही. साठवण मात्र दोन्हींची सारखीच: तबकड्या उभ्या ठेवाव्यात, एकीवर एक आडव्या रचू नयेत, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला किंवा टिनाखाली तर अजिबात ठेवू नयेत. ४५ अंशांच्या दिवसांत टिनाखालच्या खोलीत एलपी पापड भाजल्यासारखी वाकडी होते.

कॅसेटींचे दुखणे उन्हाळ्यापेक्षा पावसाळ्यात अधिक. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट चालवू नये, नाही तर टेपचे हेड, म्हणजे फीत ज्याला टेकून वाजते तो भाग, खराब होऊन पुढच्या चांगल्या कॅसेटीही घाण होतात. चांगली दिसणारी कॅसेटसुद्धा वर्षानुवर्षे पडून असेल तर आधी एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवून मगच वाजवावी. आवाज दबका येत असेल तर हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू गाणे चालू असतानाच हळूच फिरवून पाहावा. हेडचा कोन फितीशी जुळला की एखाद्या क्षणी बांगड्यांचा, घुंगरांचा आवाज एकदम स्वच्छ होतो. एवढे झाले की हेडफोनच्या छिद्रातून वायर काढून लॅपटॉपवर ते गाणे उतरवून ठेवावे, कारण ही फीत पुन्हा किती वेळा साथ देईल याची खात्री नसते.

आता निवड. एका बैठकीला दहापेक्षा जास्त गाणी लावू नयेत, आठ झाली तरी पुष्कळ. पाच हजार गाण्यांची पेटी समोर असली की हात थांबत नाही, पण बैठक अशी पेटीच्या ताब्यात गेली की लोक गप्पा मारू लागतात आणि गाणे पुन्हा मागे वाजणारी वस्तू होते. पहिले गाणे सगळ्यांच्या ओठांवरचे असावे, म्हणजे बसलेली माणसे सैल होतात. त्यानंतर काळात मागे जावे आणि मग हळूहळू पुढे यावे. सलग तीन दुःखी गाणी लावू नयेत. लावणी टाळू नये. ती टाळणाऱ्यांच्या घरातही ती सर्वांना पाठ असते.

विदर्भापुरते बोलायचे तर निवडीला हाताशी मोठे धन आहे आणि गावाला ते फारसे माहीत नसते. मराठी भावगीताची ध्वनिमुद्रणे जिथून सुरू झाली असे मानतात, ते १९३०च्या दशकाच्या आरंभीचे जी. एन. जोशी यांनी गायलेले गीत ही मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता होती. म्हणजे बुलडाणा जिल्ह्यातल्या एका वकिलीच्या गावी लिहिलेल्या ओळींनी मुंबई-पुण्याच्या घराघरांतल्या ग्रामोफोनवर जागा मिळवली. नागपूरचे राजा बढे आणि अमरावतीचे सुरेश भट यांच्या शब्दांवर पुढच्या काळात कितीतरी चाली बसल्या. गाणे लावण्याआधी ‘हे आपल्या अमरावतीच्या माणसाने लिहिले आहे’ एवढे सांगितले, तरी ऐकणाऱ्याची मान जराशी पुढे येते. त्याच्या जोडीला खंजिरीवरचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे भजन एखादे तरी असावे, कारण इथल्या कानाला गाण्याची गोडी आधी भजनाने लागलेली आहे.

हिंदी गाणी लावावीत का, असा प्रश्न एखादा मास्तर विचारतोच. विदर्भात तो प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. १९५६पर्यंत हा मुलूख मध्य प्रांत आणि वऱ्हाड, मग मध्य प्रदेश अशा हिंदीभाषकांच्या सोबतीच्या राज्यात होता आणि नागपूर ही त्याची राजधानी होती. इथला कान दोन भाषांचा आहे आणि बैठकही तशीच असावी. शिवाय इथली वडीलधारी माणसे ज्या आठवणी सांगतात त्या बहुतेक रेडिओच्या असतात. १९५२च्या सुमारास आकाशवाणीवर सिनेसंगीताला कात्री लागली, तेव्हा श्रोत्यांनी सुई फिरवून रेडिओ सिलोन धरले आणि अमीन सयानी यांच्या ‘बिनाका गीतमाला’साठी बुधवारची वाट पाहू लागले, पुढे ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीलाच विविध भारती सुरू करावी लागली. ज्या गाण्यांना सरकारी दारातून आत येऊ दिले नाही ती लोकांनी खिडकीतून बोलावली, हा किस्सा बैठकीत सांगण्यासारखा आहे.

खरा गाभा ऐकण्याच्या रीतीत आहे. प्रत्येक बैठकीत एक गाणे दोनदा लावावे. पहिल्यांदा काहीही न सांगता ते वाजू द्यावे आणि लोकांनी नुसते शब्द ऐकावेत. दुसऱ्यांदा लावण्याआधी एकच गोष्ट शोधायला सांगावी, एकापेक्षा अधिक नाही. सुरुवातीला सर्वांत फलदायी ठरणारी गोष्ट म्हणजे अंतऱ्याकडून (कडव्याकडून) मुखड्याकडे (ध्रुवपदाकडे) परत येण्याची जागा. चाल अंतऱ्यात वरच्या स्वरांकडे चढते, तिथे थोडी रेंगाळते आणि मग एखाद्या शब्दाच्या टोकाला धरून खाली उतरत मुखड्याच्या पहिल्या अक्षरावर अचूक येऊन टेकते. ‘ती कोणत्या शब्दावरून उतरली?’ एवढे विचारले, की बांधावरचा माणूसही डोळे मिटून ऐकू लागतो. चांगल्या संगीतकाराने ही उतरण प्रत्येक अंतऱ्यात किंचित निराळी केलेली असते, आणि ती निराळी आहे हे ज्याचे त्याला कळले की पुढच्या गाण्यात तो स्वतःच ती शोधतो.

दुसऱ्या महिन्यात ठेका घ्यावा. जुन्या गाण्यांपैकी पुष्कळशी आठ मात्रांच्या केरव्यात किंवा सहा मात्रांच्या दादऱ्यात आहेत. भजनी ठेकाही आठ मात्रांचाच असल्यामुळे गावातल्या भजनी मंडळाच्या तबलजीला किंवा मृदंगवाल्याला शेजारी बसवले, तर तो दोन ओळींत ठेका पकडून मांडीवर धरून दाखवतो, आणि रेडिओवर ऐकलेले ते ‘मोठे’ गाणे आणि मंदिरातले आपले भजन एकाच मापावर चालते हे सगळ्यांना दिसते. तिसऱ्या वेळी दोन कडव्यांमधले वाद्यांचे तुकडे ऐकावेत. ते रिकामी जागा भरण्यासाठी नसतात. बासरी किंवा व्हायोलिन पुष्कळदा पुढच्या ओळीच्या चालीची चाहूल आधीच देऊन ठेवतात. त्यानंतर कधीतरी श्वास ऐकायला सांगावा. त्या काळी गायक आणि सगळे वादक बहुधा एकत्रच ध्वनिमुद्रित होत, चुकले तर गाणे पहिल्यापासून, आणि लांब ओळीआधी गायिकेने घेतलेला श्वास शांत खोलीत आजही ऐकू येतो.

ही गाणी एवढी का टिकली, हा प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत कोणीतरी काढतेच, आणि त्याचे उत्तर भावुक होऊन देऊ नये. त्या काळातही सुमार गाणी ढिगाने निघाली. ती आता कोणी लावत नाही, म्हणून सगळा काळच सोन्याचा वाटतो, हे आधी मान्य करावे. पण उरलेल्यांच्या घडणीला ठोस कारणे आहेत. ७८च्या तबकडीच्या एका बाजूवर तीन मिनिटांहून थोडे अधिक मावत असे. सुरुवातीचा वाद्यमेळ, मुखडा, दोन किंवा तीन अंतरे आणि मधले तुकडे हे सगळे तेवढ्यात बसवायचे म्हटल्यावर संगीतकाराला एकही आळशी ओळ परवडत नसे, आणि कवीलाही आपली सात कडव्यांची कविता तीनवर आणावी लागे. ही मर्यादा नसली की काय होते, तेही ऐकवता येते: १ एप्रिल १९५५पासून आकाशवाणीच्या पुणे केंद्राने वर्षभर दर आठवड्याला प्रसारित केलेले ‘गीतरामायण’ तबकडीसाठी नव्हे तर रेडिओसाठी झाले, म्हणून ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते कडव्यांमागून कडवी घेत ऐसपैस चालतात आणि सुधीर फडक्यांना तोच मुखडा पुन्हा पुन्हा ताजा ठेवण्याचे निराळेच काम करावे लागते. एका बैठकीत त्यातले एक आणि तबकडीवरचे एक भावगीत पाठोपाठ लावून पाहावे. फरक सांगावा लागत नाही.

दुसरे कारण गळ्याचे आहे. या गाण्यांच्या बऱ्याच चाली गुणगुणणाऱ्या सामान्य माणसाच्या आवाक्यात राहतात आणि शब्द स्वच्छ ऐकू येतात, त्यामुळे ती लाऊडस्पीकरवरून उतरून थेट कापूस वेचणीच्या ओळींत पोहोचली. भुलाबाईची गाणी म्हणत वाढलेल्या बायका अशी चाल दुसऱ्याच फेरीला उचलतात. म्हणून गाणे संपल्यावर लगेच पुढचे लावू नये. अर्धा मिनिट तसेच जाऊ द्यावे, कोणी गुणगुणले तर गुणगुणू द्यावे, आणि ‘काहून बंद केलं, भाऊ? अजून एकडाव लावा न’ असे मागून एखाद्या आजीने म्हटले, तर यादी बाजूला ठेवून तेच लावावे.

निवेदन करणाऱ्याने तीन वाक्यांच्या पुढे जाऊ नये. कवी कोण, चाल कोणाची, गायले कोणी, आणि ऐकायचे काय, एवढे पुरे. माहितीचे प्रदर्शन करणारे एक-दोन काकाजी प्रत्येक गावात असतात. त्यांना आदराने पुढच्या बैठकीची यादी करण्याचे काम द्यावे, म्हणजे त्यांचाही मान राहतो आणि गाणेही. फर्माइशीसाठी एक डबा दाराशी ठेवावा आणि चिठ्ठीवर गाण्यासोबत ते पहिल्यांदा कुठे ऐकले हे लिहायला सांगावे; चिठ्ठी वाचून दाखवण्यात रेडिओच्या फर्माइशीची जुनी गंमत आहे. तरुण मुलांना बसवायचे असेल तर ‘आजकालच्या गाण्यांत काही राहिलं नाही’ हे वाक्य बैठकीत कोणी उच्चारू नये, असा नियमच करावा. उलट त्यांना एखादे रीमिक्स आणायला सांगावे आणि त्याच्यापाठोपाठ मूळ गाणे लावावे. काही वेळा त्यांना रीमिक्सच आवडेल, आणि ते तसे म्हणाले तर वाद घालू नये. मूळ चाल त्यांच्या कानात गेली, काम झाले.

शेवटी एक वही ठेवावी. तिच्यात तारीख, लावलेली गाणी, ती तबकडीवरून, कॅसेटीवरून की मोबाईलवरून लावली, आणि तबकडी कोणाच्या घरून आणली हे लिहावे, कारण उसनी आणलेली तबकडी त्याच घरी परत जाणे हा पुढच्या बैठकीचा पाया आहे. म्हाताऱ्या माणसांना आठवणारे पण कुठेच न सापडणारे गाणे असेल तर त्याची जेवढी ओळ आठवते तेवढी त्याच वेळी उतरवून घ्यावी आणि त्यांच्याकडून ती मोबाईलवर गाऊन घ्यावी. वर्षातून दोनदा हे सगळे पेनड्राइव्हवर भरून एक प्रत वाचनालयात आणि एक शाळेत द्यावी. पुढच्या बैठकीचा दिवस उठण्यापूर्वीच ठरवावा आणि तो ठरवताना बाजाराचा दिवस, एखाद्या घरचे लग्न आणि झाडीपट्टीकडच्या गावांत असाल तर नाटकांच्या रात्री, एवढे तपासून घ्यावे.